मदत हवी आहे: शिकारी मांजर आणि ससा एका घरात नांदतील का?

कुळागरकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. जुनं कौलारू घर, मधे राजांगण, मागे सुपारीचं कुळागर. चिंगी नावाची मांजरी आहे, वयाने पोक्त, ऑपरेशन झालेली. पणजीच्या माझ्या नणंदेची बदली झाली आणि नव्या जागी प्राणी चालत नाहीत, म्हणून भाचीचा ससा चवथ (गणेशचतुर्थी) झाली की कायमचा आमच्याकडे येणार आहे. पांढरा, लाल डोळ्यांचा, दीडेक किलोचा नर. नाव भुरू.

अडचण चिंगीची. लाडाची असली तरी ती कामाची मांजरी आहे. कुळागरातले उंदीर, सरडे, कधी खारीचं पिल्लू, जे मिळेल ते मारून आणते आणि न्हाणीच्या दाराशी मांडून ठेवते. ससा येणार म्हटल्यावर सासूबाईंनी निकालच दिला, "माजर तें, सशाक सोडचें ना." आमचे हे मात्र मोबाइलवर मांजर-ससा मिठी मारून झोपल्याचे व्हिडिओ दाखवत फिरतात.

मध्यंतरी भाची भुरूला घेऊन राहायला आली होती. चिंगी पिंजऱ्यासमोर पोट जमिनीला लावून बसली. बाकी अंग दगडासारखं, फक्त शेपटीचं टोक वळवळत होतं. भुरूही जागचा हलला नाही. हे म्हणाले, "बघ, घाबरला नाही." मला काही ते पटलं नाही. भुरूची फक्त नाकपुडी भराभर हलत होती आणि डोळे वटारलेले होते.

ज्यांनी दोघांना एकत्र सांभाळलंय त्यांनी सांगा, हे जमण्यासारखं आहे का? घरात आणखी एक माणूस दिवसभर असतं, तेव्हा लक्ष ठेवायला अडचण नाही. नाहीच जमलं तर भुरूसाठी वेगळं घर आत्ताच शोधावं लागेल.

डिचोलीवाला

माझं मत सासूबाईंना. माजरीला कुळागर माहीत आहे, तिथल्या उंदराची चव माहीत आहे. तिला आता साधू करायला जाऊ नका.

सशांची मावशी

दादा, एवढंही टोकाचं नाही. पण ताई, तुम्हाला जे वाटलं तेच बरोबर. ससा भ्याला की पळतोच असं नाही, पुष्कळदा जागच्या जागी थिजतो. हलणारी गोष्ट शिकाऱ्याच्या डोळ्यात भरते म्हणून. वटारलेले डोळे, मागे चिकटलेले कान, भराभर श्वास म्हणजे भीती. मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटला तर तो इशारा. आरामात असलेला ससा अंग पसरून लोळतो, तुमच्याकडे पाठ करून अंग चाटत बसतो.

चिंगीची शेपटी ही वाईट खूण आहे. ती कुतूहलाने बघत नव्हती, नेम धरत होती. तरी एका भेटीवरून तिला फाशी देऊ नका. परक्या पिंजऱ्यातला परका वास होता तो.

आमच्याकडे (म्हापशाला) बोका आधी होता, ससे मागून आले. सुरुवातीला दोघांची तोंडंच एकमेकांना दाखवली नाहीत. सशाच्या अंगाखालचं फडकं बोक्याच्या जेवणाच्या ताटलीजवळ ठेवायचं, बोक्याच्या गोणपाटाचा तुकडा सशाच्या खोलीत. वासाचं नावीन्य संपून बोका फडक्याशेजारीच निवांत जेवायला लागला, तेव्हा जाळीच्या दारातून दर्शन. समोरासमोर त्याच्याही नंतर, बोक्याचं पोट भरलेलं असताना आणि त्याला पट्टा घालून. सशाला हातात धरून मांजरीसमोर कधीही नेऊ नका. त्याला पळायला वाट नसली की तो लाथा झाडतो, त्यात सशाचा कणा मोडू शकतो. खाली सोडा, आणि शेजारी दोन तोंडांचं खोकं ठेवा, म्हणजे एका बाजूने मांजर आली तर दुसरीकडून निघता येतं.

खरी परीक्षा ससा धावतो तेव्हा. बसलेल्या सशाला मांजर खपवून घेते, धावणारा दिसला की तिचं डोकं फिरतं. त्या क्षणी चिंगी हाकेला वळली तर आशा आहे. नाही वळली, दर वेळी दबाच धरायला लागली, तर दोघांचं बिऱ्हाड वेगळं करा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमचे आज एका पंख्याखाली झोपतात, पण बाजाराला जाताना मी मधलं दार लावूनच जाते. ते व्हिडिओ काढणारं माणूस कॅमेऱ्यामागे उभं असतं, हे यजमानांना सांगा!

पशुऔषधवाला

सगळे स्वभावाचं बोलताहेत. मी दुकानात बसतो, म्हणून जे कोणी विचारत नाही ते सांगतो.

मांजरीच्या पिसवांसाठी मानेवर जे थेंब टाकतात, त्यांतल्या बऱ्याच औषधांत फिप्रोनिल असतं. मांजरीला ते चालतं, सशाला विषारी. त्याला ते थेट लावायचं नाहीच, पण दोघं एकमेकांना चाटायला लागले तरी ते त्याच्या पोटात जाऊ शकतं. डॉक्टरांना आधीच सांगा की घरात ससा आहे. सेलामेक्टिनसारखं सशांनाही दिलं जाणारं औषध असतं, त्याची मात्रा मात्र तेच ठरवतील.

दुसरं, चिंगीचा दात किंवा नख लागलं तर "बारीकसं आहे" म्हणून हळद लावून बसू नका. मांजरीच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. वरचं छिद्र केसांत दिसतही नाही आणि आत पू होतो. त्याच दिवशी डॉक्टर. आणि घरातली अमॉक्सिसिलीनची गोळी तर मुळीच नको. पेनिसिलीनच्या जातीचं औषध तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा दगावतो.

पावसात दोघांनाही गजकर्ण होतं, एकाचं दुसऱ्याला आणि मग माणसांना. केस झडून गोल चट्टा दिसला की वेगळे ठेवा.

कुळागरकरीण

थेंबांचं खरंच माहीत नव्हतं. चिंगीला दर पावसाळ्यात तेच घालतो, नाव वाचून ठेवते. मावशी, फडक्याचं काम आजपासून. भाचीला एक फडकं पाठवायला सांगितलंय.

आता राहण्याचं. राजांगणात मोकळा सोडू म्हणत होते. आणि खायला गोठ्यातला भाताचा पेंढा चालेल ना?

सशांची मावशी

राजांगण वरून उघडं, तेव्हा नको. चिंगी एक झाली, पण शेजारचे बोके, मुंगूस, साप यांना कोण पट्टा घालणार? शिवाय ससा थंडी सोसतो, उकाडा नाही. तीस अंशांच्या वर गेलं की त्याची तगमग सुरू होते, आणि आपल्याकडचा मे काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. जाड भिंतींची, शहाबादी फरशीची एखादी खोली असेल तर ती द्या. दुपारी बाटलीत बर्फ करून फडक्यात गुंडाळून ठेवा, तो जाऊन टेकतो.

पेंढा अंथरायला चालेल, पोट त्यावर भरू नका, कस नसतो. चांगलं वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. कोथिंबीर, मुळ्याचा पाला थोडाथोडा. तांबडी भाजी क्वचित. आणि हे विसरू नका: बारा तास खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर उद्यावर ढकलायचं नाही. मांजरीच्या धसक्यानेही असं होतं. म्हणून पहिल्या भेटींनंतर सशाच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा त्याच्या लेंड्या बघा.

चिंगीची शौचाची पेटी त्याच्या खोलीत नको. गवतात तिची घाण मिसळली तर टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा संसर्ग सशालाही होतो.

कुळागरकरीण

कोठीची खोली आहे, जाड मातीच्या भिंती. दाराला जाळी मारून घेते. कोंबड्यांच्या खुराड्याची उरलेली जाळी आहे ती वापरू?

डिचोलीवाला

ती नको. ससा दाताने कुरतडतो आणि माजरीचा पंजा भोकातून आत जातो. हार्डवेअरवाल्याकडे वेल्डमेश मागा, अर्ध्या इंचाची. आणि दाराखालच्या फटीला लाकडी पट्टी ठोकून घ्या, जुन्या घरात ती फट हातभर असते. मत अजून सासूबाईंनाच, पण जाळी मारायला माणूस हवा असेल तर कळवा.