गर्दीइतकीच भरती-ओहोटीही बघा

समुद्रकिनारी निवांत सुट्टी हवी असेल तर रस्त्यापासून लांब आणि हॉटेलं कमी असलेलं गाव निवडावं, हा सल्ला मला पटतो. पण गाव शांत असलं तरी किनारा तुमच्या वाट्याला किती तास येणार, हे भरती-ओहोटी ठरवते. आम्ही एकदा अशाच निवांत गावी नेमके पौर्णिमेला पोचलो. संध्याकाळी ऐसपैस पसरलेली वाळूची पुळण मध्यरात्री जाग आली तेव्हा नावालाही उरली नव्हती. पाणी थेट बांधाच्या दगडांवर आपटत होतं. मुलांनी केलेला वाळूचा किल्ला, विसरलेली बादली, सगळं गेलं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार सगळ्यात कमी. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी भांगाचे दिवसच धरते. बहुतेक किनाऱ्यांवर भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. त्यामुळे आज सकाळी ७ ला ओहोटी असेल, तर आठवड्याने त्याच वेळेला जवळपास पूर्ण भरती असते. उन्हाळ्यात वाळूवर सुखाने चालता येतं ते सकाळी आणि सांजवेळी, म्हणून खोली ठरवण्याआधी त्या तारखांचं भरतीचं वेळापत्रक जरूर बघा. गाव खाडीच्या मुखाशी असेल तर ओहोटीच्या वेळी तिथे पोहायला अजिबात उतरू नका, ओढ फार जबरदस्त असते.