मदत हवी आहे: फिल्टर, एन्व्हलप आणि एफएम मराठीत कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझे दोन मित्र मिळून सिंथेसायझर आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर मराठीत एक ऑनलाइन नियतकालिक चालवतो. दर तीन महिन्यांनी अंक निघतो. वर्गणी नाही, जाहिराती नाहीत, सगळं हौसेखातर. यंदा चौथं वर्ष आहे.

मागचा अंक आल्यावर एका वाचकांचा फोन आला. सातारा भागातले, तीस वर्षं ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवणारे. म्हणाले, "तुमचा अंक मी उघडतो, फोटो बघतो आणि ठेवून देतो. ज्या मशीनवर माझं आयुष्य गेलं, तिच्याबद्दल मराठीत लिहिलेलं मला कळत नाही." ते वाक्य डोक्यातून जात नाही. गायिकेनं 'काळी चार' म्हटलं की ज्यांचं बोट न बघता मूळ सूर बदलायच्या ट्रान्सपोज बटणावर जातं, सनईच्या टोनवर बेंडर (स्वर वर-खाली वाकवायचा दांडा) किती ढकलायचा हे ज्यांच्या मनगटात आहे, त्यांच्यासाठीच तर आम्ही हे सुरू केलं होतं!

आम्ही दोन वाटा चोखाळल्या. पहिल्या वर्षी शाळेच्या विज्ञानातले शब्द वापरले: दोलक, वारंवारता, आयाम. वाजवणाऱ्यांपैकी कुणीच तसं बोलत नाही. मग "कटऑफ खाली आणून रेझोनन्स वाढवा" असं लिहू लागलो. ते कळायला आधी सिंथ येत असावा लागतो.

आता तिसरी वाट धरायची आहे. कॉर्ग कंपनीच्या सिंथच्या नॉबवर 'कटऑफ' छापलंय, तेव्हा नाव तेच राहू दे. पण समजूत आपल्या संगीतातून यावी. पुढचा अंक यामाहाच्या डीएक्स७ या सिंथवर आहे. त्यासाठी केलेला कच्चा मजकूर देतो, कृपया चुका दाखवा.

टिंबर: हा शब्द मी काढूनच टाकला. गांधर्वच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाला 'नादाची जाती' माहीत असते. एकच सा पेटीवर आणि बासरीवर वेगळा का ऐकू येतो, ते जातीमुळे. सिंथेसायझर म्हणजे जाती घडवायचं वाद्य.

एन्व्हलप: स्वराचा जन्मापासून शेवटापर्यंतचा आलेख. सतारीची तार छेडली की स्वर एकदम उसळतो आणि आपोआप विरत जातो. पेटीची पट्टी दाबली तर भाता चालू असेतो टिकतो. अटॅक म्हणजे स्वर उगवायला लागणारा वेळ. डिके म्हणजे पहिल्या उसळीनंतरची उतरण. सस्टेन म्हणजे पट्टी दाबून ठेवली असताना स्वर ज्या पातळीवर थांबतो ती पातळी (हा वेळ नाही, इथे सगळेच गोंधळतात). रिलीज म्हणजे बोट उचलल्यावर उरणारी आस.

फिल्टर (आवाजाची चमक कमी-जास्त करणारा भाग): तंबोऱ्याची जवारी. कटऑफ (चमक जिथून वर कापली जाते ती जागा) वर नेला की खुली, खाली आणला की बंद.

एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन): गवई स्वर हलवतो तेव्हा सेकंदाला पाच-सहा कंप येतात आणि ते मोजता येतात. हाच कंप सेकंदाला शेकडो वेळा केला तर कानाला हलणं कळेनासं होतं आणि स्वराची जातीच पालटते. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांना १९६७ साली असाच कंपाचा वेग वाढवत नेताना हे सापडलं. यामाहानं ही पद्धत वापरायचा हक्क घेतला आणि १९८३ साली डीएक्स७ आला. त्यात प्रत्येक स्वरामागे सहा ऑपरेटर (साधा सूर काढणारे घटक; काही ऐकू येतात, काही दुसऱ्याचा सूर हलवतात), त्यांच्या ३२ जोडण्या आणि एका वेळी १६ स्वर. सगळी मांडणी बटणं आणि एकाच डेटा स्लायडरवरून करायची, त्यामुळे बहुतेकांनी कारखान्यातून आलेलेच टोन वाजवले. ऑर्केस्ट्रावाल्यांनी स्वतः टोन घडवून बघावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

विचारायचं ते असं: या उपमा वाजवणाऱ्याला पटतील का? जवारीबद्दल मला स्वतःलाच खात्री नाही.

प्रतिसाद १
जवारीची उपमा काढा. मी ध्वनिमुद्रणात आहे. फिल्टर असलेले वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत वाजणारे बारीक, उंच सूर) कापतो, नवे काही घालत नाही. जवारीत तार घोडीच्या पसरट पाठीला घासते आणि त्यातून वरचे स्वरांश तयार होतात. म्हणजे ती तुमच्या एफएमच्या जवळची, तिथे न्या. डीएक्स७ मध्ये हलवणाऱ्या ऑपरेटरची पातळी वाढवणं म्हणजे जवारी खुली करणं. फिल्टरसाठी तोंड वापरा. एकच सूर धरून 'ऊ' पासून 'आ' पर्यंत या. गळा तोच, ओठ उघडतात तसा आवाज उजळत जातो.

प्रतिसाद २
दादा, आमच्या घरात दोन पिढ्या पेटीदुरुस्तीच्या. पेटीची वरची झडप लावा, आवाज दबतो. उघडा, मोकळा होतो. सूर तेच, भाता तोच. ऑर्केस्ट्रातल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही, त्याचा हात रोज तिथेच असतो. आस मात्र छान जमलीय, तशीच ठेवा.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. जवारी एफएमकडे नेली, आणि आता तो परिच्छेद मलाच पहिल्यांदा नीट कळला. फिल्टरसाठी झडप घेतोय, 'ऊ' ते 'आ' तिच्यामागून. मजकूर काल साताऱ्याच्या त्या काकांना फोनवर वाचून दाखवला. सस्टेनपाशी त्यांनी थांबवलं, की-बोर्ड लावला, पट्टी दाबून ठेवली आणि म्हणाले, "पुढे वाचा."

आता एक विनंती. लेखासोबत आवाज ऐकवायचा आहे. पेटीवर काळी एकचा सा धरून, भाता एकसारखा ठेवून, झडप हळूहळू उघडतानाचं वीसेक सेकंदांचं रेकॉर्डिंग कुणी करून देईल का? मोबाइलवरचं चालेल, फक्त पंखा बंद ठेवा. त्याच्याशेजारी सिंथचा फिल्टर उघडतानाचा सा आम्ही लावू.