साउथ डाउन्स वे ग्रॅव्हल सायकलवर करू नका (भांडायला या)

खडीफोड:
दर उन्हाळ्यात कुणीतरी नवी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीची जाड टायरची सायकल, घेतं आणि विचारतं, पहिली मोठी राईड कुठे करू? लगेच दहा जण सांगतात, साउथ डाउन्स वे, म्हणजे दक्षिण इंग्लंडमधल्या डाउन्स टेकड्यांच्या धारेवरची लांब वाट. विंचेस्टर ते ईस्टबोर्न, १६० किलोमीटर, टोकापासून टोकापर्यंत सायकलला परवानगी, दोन्हीकडे रेल्वे स्टेशन. कागदावर झकास. मी एकदा ती पूर्ण केली आणि एकदा अर्ध्यात सोडून घरी आलो. त्या हक्काने सांगतो, ही वाट माउंटन बाइकची आहे.

आपल्या डोक्यात ग्रॅव्हल म्हणजे मुरमाचा रस्ता. दाबून बसलेला, चाक सुखाने फिरेल असा. इथे मुरूम नाही. हा सगळा डोंगर खडूचा, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीचा, आणि खडूत चकमकीचा दगड. ओल्या खडूवर साबण फासल्यासारखं चाक सरकतं. कोरडा असला की चकमकीच्या धारा वर येतात. हार्टिंग डाउनच्या उतारावर माझा ४० मिमीचा टायर बाजूने असा चिरला की भोक बुजवणाऱ्या सीलंटची पिचकारी थेट पोटरीवर. भोक काही बुजलं नाही. ट्यूब घातली, तीही तासाभरात गेली.

चढाचं तर कुणी बोलतच नाही. डिचलिंग बीकन २४८ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे टेकाडच. पण मीऑन, अ‍ॅरन, एडर, ऊज, ककमिअर अशा पाच नद्या हा डोंगर कापून समुद्राकडे जातात. प्रत्येक वेळी कमावलेली सगळी उंची उधळून खाली उतरायचं आणि पलीकडून पुन्हा शून्यापासून सुरू.

खरा मुरूम हवा तर बंद पडलेले रेल्वेमार्ग धरा. डाउन्स लिंक घ्या, गिल्डफर्डजवळून शोरहॅमच्या समुद्रापर्यंत साधारण ६० किलोमीटर. ती रेल्वे १९६५-६६ मध्ये बंद झाली, रूळ निघाले, वाट राहिली. नाहीतर वेस्ट मीऑन ते विकमची मीऑन व्हॅली ट्रेल. या वाटांना कुणी भाव देत नाही याचं मला नवल वाटतं.

चढउतार:
नाचता येईना अंगण वाकडे! आधी हे सांगा, गेलात कोणत्या महिन्यात आणि टायरमध्ये हवा किती होती?

मी जुलैत गेलो होतो, ४५ मिमी ट्यूबलेस, हवा जरा कमीच ठेवून. दोन दिवस लागले, एक पंक्चर, तेही सीलंटने बुजलं. चार-पाच ठिकाणी उतरून ढकलली. त्यात लाज कसली?

डाउन्स लिंक मीही केली आहे. झाडांच्या बोगद्यातून तासन् तास सरळ जायचं. रेल्वेला चढ चालत नाही, म्हणून सगळं सपाट. बाहेरचं दिसत नाही, कारण वाट अर्धा वेळ खोदलेल्या खाचेत. घरात स्टँडवरच्या सायकलवर बसलो असतो तरी चाललं असतं. डाउन्सच्या धारेवर उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला खालच्या वील्ड भागातली शेतं आणि डोक्यावर चंडोल. हे सोडून खाचेत का जायचं?

आणि "मुरूम नाही" हा मुद्दाच मला पटत नाही. ग्रॅव्हल हे नाव अमेरिकेतलं, तिथे मैलोन् मैल कच्चे रस्ते आहेत. इंग्लंडमध्ये तसे नाहीतच. इथे एक तुकडा घोडेवाटेचा, एक गल्लीवजा डांबरी रस्त्याचा, एक जुन्या बैलगाडी-वाटेसारख्या बायवेचा, असं शिवत जायचं. सायक्लिंग यूके या सायकलस्वारांच्या संस्थेने २०२० मध्ये किंग आल्फ्रेड्स वे आखला तो याच पद्धतीने. विंचेस्टरहून निघून स्टोनहेंज, एव्हबरी, रेडिंग करत पुन्हा विंचेस्टर, ३५० किलोमीटर. ही गोधडी आहे. एकसारखं कापड हवं असेल तर देश चुकला.

खडीफोड:
एप्रिलअखेर. हवा ४० पीएसआय, म्हणजे जास्तच. हसा.

नवा_भिडू:
मधेच विचारतो, राग नको. पुण्याहून रेडिंगला येऊन आठ महिने झाले. तिकडे सिंहगडाच्या मागच्या बाजूला कच्च्या रस्त्याने कुठेही घुसायचो, फार तर कुत्री मागे लागायची. इथे ॲपने दाखवलेल्या वाटेने चिल्टर्न्स टेकड्यांमध्ये गेलो तर एका शेतकऱ्याने अडवलं, म्हणाला ही फूटपाथ आहे, उतर. शेतातल्या पायवाटेला फूटपाथ म्हणतात हेच मला माहीत नव्हतं! नेमकं कुठे चालवायची?

पायवाट:
नवा_भिडू, ॲप बाजूला ठेवा आणि ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, १:२५,००० वाला. हिरव्या आखूड रेघा म्हणजे फूटपाथ, तिथे सायकल चालवायचा हक्क नाही. हिरव्या लांब रेघा म्हणजे ब्रायडलवे, घोड्यांची वाट, तिथे चालते. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने हा हक्क दिला, पण पायी जाणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची या अटीवर. रेडिंगहून जवळ म्हणजे रिजवे ही लांब वाट. स्ट्रीटलीपासून पश्चिमेला एव्हबरीकडचा भाग सायकलला खुला आहे, पूर्वेकडे मात्र मधेमधे फूटपाथ लागते. साउथ डाउन्स वेवरही शेवटी फसू नका. समुद्राकाठच्या सेव्हन सिस्टर्स कड्यांवरून जातो तो पायी चालणाऱ्यांचा फाटा. सायकलवाल्यांनी आल्फ्रिस्टनहून जेव्हिंग्टनमार्गे जायचं.

आता माझं भांडण. ससेक्सच्या एका खेड्यात मी वीस वर्षं राहते, घोड्यावर बसते, कुत्रं घेऊन हिंडते. तुम्ही दोघं टायरवर भांडताय. वाटेचं काय? नोव्हेंबर ते मार्च या घोडेवाटा चिखलाने फुगलेल्या असतात. सायकलची एक चाकोरी पडली की पाणी त्यातूनच वाहतं आणि पुढच्या हिवाळ्यात तिथे घळ झालेली असते. हो, घोड्यांच्या टापांनीही वाट फुटते, कबूल. पण म्हणून तुम्हीही फोडा असं होत नाही. गेल्या फेब्रुवारीत दोघे जण मागून सूं करत आले, आवाज नाही, घंटी नाही. माझी घोडी बिथरली आणि मी कुंपणाच्या काटेरी तारेत. लांबूनच "हॅलो" म्हणायला काय जातं? माणसाचा आवाज आला की घोड्याला कळतं.

माझ्या मते हिवाळ्यात डाउन्स सायकलला बंदच हवेत.

चढउतार:
पायवाट, हॅलोबद्दल शंभर टक्के. तुम्हाला लागलं याचं वाईट वाटलं. पण बंदी? इंग्लंड-वेल्समधल्या सार्वजनिक वाटांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा आम्हाला मिळतो. त्यातही चार-पाच महिने काढून घ्यायचे? सगळे त्याच मूठभर घोडेवाटांवर कोंबले जातात, म्हणून तर त्या फुटतात. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर जवळपास सगळीकडे सायकल मोकळी केली. तिथे आभाळ कोसळलं नाही.

पायवाट:
स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या दरीत दिवसभरात चार माणसं भेटतात. ब्रायटनजवळच्या डेव्हिल्स डाइक दरीला रविवारी दुपारी या आणि चारशे मोजा. मग कायदा सांगा.

चढउतार:
लंडनमधून तासाभराची ट्रेन आहे, माणसं येणारच. वाटा वाढवल्या तर ती पांगतील.

पायवाट:
किंवा प्रत्येक फूटपाथचा डेव्हिल्स डाइक होईल.

खडीफोड:
तुमचं चालू द्या. मला पायवाट यांचा चिखलाचा मुद्दा पटतो, बंदीचा नाही. हिवाळ्यात रेल्वेवाटा आणि गल्ल्या, जून ते सप्टेंबर डोंगर, असं करता येईल की. (म्हणजे चढउतार यांचं थोडं ऐकलं, पण थोडंच.)

नवा_भिडू, तुम्ही ब्रायटनला याच. जॅक आणि जिल या पवनचक्क्यांपासून दक्षिणेला उतरत गेलं की पॅचमच्या वर 'छत्री' लागते. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं तिथे दहन झालं. स्मारक १९२१ चं, पांढऱ्या संगमरवराचं, आणि नाव अजूनही छत्रीच. मेंढ्यांच्या कुरणात, ससेक्सच्या वाऱ्यात ती बघून मी सायकल आडवी टाकून बराच वेळ बसलो होतो. त्या दिवशी टायर फाटला नव्हता हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

नवा_भिडू:
बघायलाच हवं. माझी सायकल ३५ मिमीची आहे, चालेल का?

खडीफोड:
नाही.

चढउतार:
हो. ऊन असेल तर.

पायवाट:
चालेल, फाटक उघडलंत तर लावून घ्या म्हणजे झालं. तिकडे मेंढ्या असतात.

खडीफोड:
जुलैचा पहिला रविवार, ब्रायटन स्टेशन, सकाळी नऊ. मी ४५ मिमी लावून येतो. फाटला तर ट्यूब चढउतार यांची.

चढउतार:
दोन आणतो. पण परतताना डाउन्स लिंकने जाऊ म्हणालात तर मी ट्रेन पकडणार.