२०१८ची क्रेटा ऑटोमॅटिक: गिअरबॉक्सचं तेल बदलू का, आणि कोणतं टाकू?

त्रिमूर्तीनगरकर
१.६ डिझेल, सहा गिअरची ऑटोमॅटिक, ८६,००० किलोमीटर झाले. गिअर नीट पडतात, झटका नाही. एका ठिकाणी सांगितलं की हे तेल ‘लाइफटाइम’ आहे, हात लावू नका. दुसरा गॅरेजवाला मशीन लावून फ्लश करू, म्हणजे जुनं तेल ढकलून काढू म्हणून राहिला, आणि त्याच्याकडे ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालणारं’ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आहे. गाडी रोज वर्धा रोडनं सीताबर्डीपर्यंत जाते, सुटीत चिखलदरा. काय करावं? घरी बाबांची मॅन्युअल स्विफ्ट पण आहे, तिच्यात हेच तेल चालेल का?

सहावा_गिअर
बदला. गाडीच्या पुस्तकात देखभालीचे दोन तक्ते असतात, साध्या वापराचा आणि कठीण वापराचा. ‘लाइफटाइम’ हे पहिल्या तक्त्यावरून बोललं जातं. ३२ अंशांच्या वर दाट ट्रॅफिकमध्ये गाडी चालवणं हा कठीण वापर धरतात, आणि आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत दुसरं काय असतं? त्या तक्त्यात बदल साधारण एक लाख किलोमीटरच्या आसपास येतो. त्यात चिखलदऱ्याचा घाट आहे, तेव्हा आत्ता केलेलं बरं.

तेल ह्युंदाईच्या एसपी-४ (SP-IV) दर्जाचंच घ्या. या गिअरबॉक्सचे क्लच किती घट्ट धरायचे आणि किती सरकू द्यायचे हे तेलातल्या घर्षणाच्या रसायनांवर ठरतं, आणि गिअर बदलण्याचा दाब त्याच हिशेबानं बसवलेला असतो. चुकीचं तेल पडलं तर गिअरबॉक्स लगेच बंद पडत नाही. आधी गिअर बदलताना थरथर येते, मग क्लच घसरून जळायला लागतात. डब्यावर एसपी-४च्या पुढे आणखी एखादं अक्षर असेल तर ते वेगळं तेल आहे, घेऊ नका. ‘सगळ्यांना चालणारं’ मुळीच नको.

फ्लशही नको. गिअरबॉक्समध्ये एकूण साधारण ७ लिटर तेल असतं, पण खालचा बोल्ट काढला की जवळपास निम्मंच येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि कूलरमध्ये अडकतं. म्हणून काढा-भरा दोनदा करा, मध्ये काही शे किलोमीटर चालवून. पहिल्यांदा ५० टक्के नवं होतं, दुसऱ्यांदा ७५. तेवढं पुरतं.

कामठीरोड_मेकॅनिक
भाऊ, तेल बदलताना खरी चूक होते ती पातळीत. यात डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहायची पट्टी नाही.

गाडी चारही बाजूंनी सपाट उचलायची, नुसती पुढून जॅकवर नाही. भरायचा बोल्ट सुटतो की नाही ते आधी पाहायचं, मगच खालचा काढायचा. तेल काढून झालं आणि भरायचा बोल्टच जाम निघाला तर गाडी तिथंच अडकते. निघालेलं तेल मोजून घ्यायचं, तेवढंच नवं भरायचं, आणि वर ७०० मिली जास्त.

इंजिन चालू करून ब्रेक दाबून गिअर पी ते डी, डी ते पी हळूहळू दोनदा फिरवायचा. मग स्कॅनरवर तेलाचं तापमान पाहायचं. ५० ते ६० अंशांमध्ये, इंजिन चालूच ठेवून, पातळीचा बोल्ट काढायचा. जास्तीचं वाहून बारीक, सलग धार उरली की पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर तेल कमी आहे.

मे महिन्यात गाडी रोडवरून तापून आलेली असते, तेलही ६०च्या बरंच वर. तेव्हा बोल्ट उघडला तर फुगलेलं तेल नको तेवढं वाहून जातं, आणि थंड झाल्यावर पातळी कमी भरते. मग पंप हवा ओढतो, फेस होतो, दाब पडतो. उलट तेल जास्त झालं तरी आतले फिरते भाग ते घुसळून फेसच करतात. म्हणून काम सकाळी, गाडी थंड असताना सुरू करायचं. स्कॅनर नाही म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणा.

प्रत्येक बोल्टला नवा वॉशर लागतो. खालचा बोल्ट ३५ ते ४५ न्यूटन-मीटरवर आवळायचा. पाइप लावून ओढला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात.

सहावा_गिअर
निघालेलं तेल काळपट दिसलं म्हणून घाबरू नका, वयानं रंग बदलतो. जळका वास किंवा बोटाला लागणारे चमकदार कण मात्र गंभीर. तेल गुलाबी दुधासारखं निघालं तर त्यात कूलंट मिसळलंय, तेव्हा गाडी चालवून घरी नेऊ नका.

त्रिमूर्तीनगरकर
समजलं. सकाळचं काम, एसपी-४, फ्लश नाही. स्विफ्टचं राहिलं.

कामठीरोड_मेकॅनिक
स्विफ्टमध्ये एटीएफ अजिबात नाही. तिला मॅन्युअलचं गिअर ऑइल लागतं, जीएल-४ दर्जाचं. जाडी ७५डब्ल्यू-८० की ७५डब्ल्यू-९०, हे तुमच्या वर्षाच्या पुस्तकात पाहा. दुकानात ‘जीएल-५ वरचं आहे, चांगलं’ म्हणून देतात. ते ट्रकच्या डिफरन्शियलला चांगलं. त्यातलं गंधकाचं रसायन पितळी सिंक्रो रिंगला (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारी कडी) खातं, आणि ते जास्त निसरडं असल्यानं रिंग गिअरचा वेग वेळेत जुळवू शकत नाही, दुसरा टाकताना कर्रर्र आवाज येतो. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही लिहिलं असेल तरी नुसतं जीएल-४चं घ्या.

इथं पातळी सोपी आहे. गाडी सपाट, बाजूचा बोल्ट काढून तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरा, ओघळायला लागलं की बंद. सव्वादोन-अडीच लिटर आणून ठेवा. एएमटी (मॅन्युअलच, पण क्लच-गिअर यंत्रणा टाकते) असती तर गिअरबॉक्सला हेच, पण गिअर टाकणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक तेल निराळं असतं. सीव्हीटीला (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्याची ऑटोमॅटिक) सीव्हीटीचंच.

जुनं तेल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडेच द्या, तो वापरलेलं इंजिन ऑइल देतो त्याच भंगारवाल्याला ते जातं. नाल्यात ओतलं की सरळ नाग नदीत.