मान्सहोल्ट: भाव देणारा पण हाच आणि शेती सोडा म्हणणारा पण हाच?

बांधावरचा
युरोपातल्या शेती सबसिडीबद्दल वाचत होतो, सगळीकडे सिको मान्सहोल्ट हे डच नाव येतंय. आधी नेदरलँड्सचा कृषिमंत्री, मग ब्रुसेल्सला. शेतकऱ्याला भावाची हमी याच्याच काळात मिळाली म्हणतात आणि ५० लाख लोकांनी शेती सोडावी असा प्लॅनही याचाच. नक्की काय भानगड आहे?

कोऱ्या_चहावाला
आधी माणूस बघा. जन्म १९०८, ग्रोनिंगेनकडचं शेतकरी घर, बाप समाजवादी. काही वर्षं जावात चहाच्या मळ्यावर नोकरी, मग परत येऊन समुद्र हटवून काढलेल्या विरिंगरमेरच्या जमिनीवर स्वतःची शेती, युद्धात जर्मनांविरुद्ध भूमिगत काम. १९४५ ला छत्तिसाव्या वर्षी थेट मंत्री, आणि मंत्रिमंडळं बदलत राहिली तरी हा १९५८ पर्यंत तिथेच!! कारण साधं आहे, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात लोक उपाशी मेले होते, ट्युलिपचे कंद खाल्ले होते, त्यामुळे "पिकवा, भावाचं आम्ही बघतो" हेच धोरण तेव्हा कुणालाही पटलं असतं.

नाना_६२
बरोबर, पण घोळ पुढे झाला. १९५८ ला हा युरोपियन कमिशनचा, म्हणजे सहा देशांच्या युरोपियन आर्थिक समुदायाच्या कार्यकारी मंडळाचा, उपाध्यक्ष, खातं शेतीच. जर्मनीत गव्हाचा भाव फ्रान्सपेक्षा बराच जास्त, सहा देशांना एकच भाव ठरवायचा तर जर्मन शेतकरी खाली यायला तयार नाही. १९६४ च्या डिसेंबरात मधला आकडा ठरला, तोही फ्रेंच शेतकऱ्याला चांगलाच चढा. मग काय, उत्पादन वाढतच गेलं आणि गोदामात न खपलेल्या लोण्याचे डोंगर. कमिशन तेव्हा नुसता प्रस्ताव द्यायचं, निर्णय देशोदेशीचे मंत्री घ्यायचे, शिव्या मात्र यालाच.

बांधावरचा
म्हणजे ५० लाखवाला प्लॅन या डोंगरांमुळे?

नाना_६२
हो, डिसेंबर १९६८. म्हणणं असं की नुसता भाव वाढवून पाचदहा एकरवाला जगणार नाही, त्याला पेन्शन द्या, दुसरं काम शिकवा, उरलेल्यांची शेतं मोठी करा. कागदावर ठीक, पण ऐकणाऱ्याला "तू नको आहेस" एवढंच ऐकू आलं. १९७१ च्या फेब्रुवारीत बेल्जियन शेतकऱ्यांनी मंत्र्यांच्या बैठकीत चक्क गायी नेल्या, मार्चमध्ये ब्रुसेल्समध्ये लाखभर शेतकरी रस्त्यावर, त्यात एकाचा जीव गेला. शेवटी प्लॅनचा थोडासाच भाग आला.

कोऱ्या_चहावाला
गायींचं मला माहीतच नव्हतं 😄 पण नाना, तुम्ही त्याला जरा सोडून देताय. चढ्या भावाचा प्रस्ताव त्याच्याच टेबलावरून गेला होता ना.

नाना_६२
गेला होता, मान्य. पण हा हट्टी नव्हता. १९७२ मध्ये कमिशनचे तेव्हाचे अध्यक्ष मालफात्ती इटलीतल्या निवडणुकीसाठी पद सोडून गेले आणि हा कमिशनचा अध्यक्ष झाला, जेमतेम नऊ महिने. त्याच्या थोडंच आधी मालफात्तींना पत्र लिहून सांगितलं होतं की नुसत्या आर्थिक वाढीच्या मागे धावणं थांबवा, पर्यावरण बघा. फ्रेंच कम्युनिस्टांनी त्या पत्रावरून केवढा गोंधळ घातला! दुधाच्या उत्पादनावर कोटा, म्हणजे मर्यादा, यायला मात्र १९८४ उजाडलं, तोवर हा राजकारणातून बाहेर पडला होता.