लठ्ठपणा आणि सोबतचे आजार: ओपीडीत उपयोगी पडतील असे अभ्यास सुचवा

पारिजातक
नमस्कार. आम्ही काही फॅमिली डॉक्टर मिळून वाचनगट सुरू करतोय. पहिला विषय लठ्ठपणा आणि त्याच्याबरोबर येणारा टाइप २ मधुमेह, बीपी, हृदयविकार. गाइडलाइन्स सगळ्यांच्या वाचून झाल्यात. हवेत ते मूळ अभ्यास, शक्यतो साध्या दवाखान्यांतच झालेले. चार-पाच सुचवा. वाचताना कुठे फसायला होतं तेही सांगा.

तळटीप
पहिला 'ब्वेल' हा अभ्यास घ्या (लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक, २०१६). इंग्लंडमधले १,८८२ पेशंट, सगळे दुसऱ्याच तक्रारीसाठी आलेले. डॉक्टरांनी तपासणी संपताना जेमतेम ३० सेकंद वजनाचा विषय काढला. एका गटाला 'वजन उतरवलंत तर तब्येतीला बरं' एवढंच सांगितलं; दुसऱ्याला वजन कमी करण्याचे १२ आठवड्यांचे मोफत वर्ग देऊ केले. या दुसऱ्या गटात ७७ टक्के 'हो' म्हणाले, ४० टक्के प्रत्यक्ष गेले. वर्षानंतरची सरासरी घट २.४ किलो, नुसता सल्ला मिळालेल्यांत १ किलो. फरक लहान आहे, पण अर्ध्या मिनिटात दुसरं काय होतं? 'पेशंटला राग येईल' म्हणून गप्प बसणाऱ्यांसाठी: हे बोलणं अनुचितही वाटलं आणि निरुपयोगीही, असं म्हणणारे सगळ्यांत मिळून फक्त ४ निघाले.

यातली मेख अशी की नुसती चिठ्ठी देऊन पेशंटला सोडलेलं नाही. वर्गाची वेळ तिथल्या तिथे ठरवून दिली आणि पुन्हा भेटायला बोलावलं. ही पायरी गाळून केलं तर तोच निकाल येईल असं धरू नका.

त्याला जोडून 'रॅप' (लॅन्सेट, २०१७). १,२६७ जण, तीन गट: पुस्तिका आणि थोडक्यात सल्ला, १२ आठवडे वर्ग, ५२ आठवडे वर्ग. वर्षाअखेर घट अनुक्रमे ३.३, ४.८ आणि ६.८ किलो. संपर्क जितका लांबवला तितकं वजन जास्त उतरलं.

मोजपट्टी
मधुमेहासाठी 'डायरेक्ट' हा अभ्यास वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइडमधले ४९ दवाखाने, ३०६ पेशंट. मधुमेह होऊन ६ वर्षांच्या आतले, इन्सुलिन न घेणारे. ३ ते ५ महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरीचा फॉर्म्युला आहार (जेवणाऐवजी तयार शेक-सूप), मग २ ते ८ आठवड्यांत टप्प्याटप्प्याने नेहमीचं जेवण, नंतर दरमहा भेट. वर्षानंतर ४६ टक्क्यांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता, कंट्रोल गटात (नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत) ४ टक्के. दोन वर्षांनी ३६ विरुद्ध ३. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात वर्षाचा आकडा ८६ टक्के. हा ८६ मात्र वेगळा लक्षात ठेवा: तो वजन उतरल्यानंतर पाडलेल्या गटांचा आहे, रँडम वाटणीचा (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पाडलेल्या गटांचा) नाही.

चूक होते ती गोळ्यांत. इथे मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या आणि गरज पडली तर पुन्हा सुरू केल्या. आहार उचलला आणि गोळ्या तशाच ठेवल्या, तर सल्फोनिलयुरियाने (इन्सुलिन वाढवणारी मधुमेहाची गोळी) शुगर एकदम खाली जाते, एसजीएलटी-२ गटाच्या (साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या) गोळीने शुगर नॉर्मल असतानाही कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) होऊ शकतो, आणि लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळीवर पेशंट उभं राहताच गरगरतो. याउलट तीच 'बीपीची' गोळी हार्ट फेल्युअरसाठी चालू असेल तर सरसकट थांबवायची नाही. प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी आहे ते आधी लिहा.

पारिजातक
हे नेमकं हवं होतं. नव्या इंजेक्शनांचं काय वाचावं? आणि वजन उतरलं की हार्ट अटॅक टळतो, असं पेशंटला सांगावं का?

तळटीप
असं सरसकट सांगू नका. आधी 'लुक अहेड' (२०१३) बघा. टाइप २ मधुमेहाचे ५,१४५ पेशंट, एका गटाला आहार-व्यायामाचा भरगच्च कार्यक्रम, त्यांचं पहिल्या वर्षी ८.६ टक्के वजन कमी. तरी साडेनऊ वर्षांनंतरही हार्ट अटॅक, स्ट्रोक यांत कंट्रोल गटापेक्षा फरक दिसला नाही, म्हणून ट्रायल आधीच थांबवली. शुगर सुधारली, गोळ्या कमी लागल्या, हालचाल सुधारली. तेवढं छातीठोक सांगा.

इंजेक्शनांसाठी 'स्टेप १' (२०२१): सेमाग्लुटाइड आठवड्याला २.४ मिलिग्रॅम, ६८ आठवड्यांत घट १४.९ टक्के, प्लासिबोवर (औषध नसलेल्या इंजेक्शनवर) २.४. त्याचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. सुरू करतानाच पेशंटशी हे बोलायला हवं. डोस ०.२५ मिलिग्रॅमपासून दर ४ आठवड्यांनी ०.५, १, १.७ असा चढतो. घाई केली की मळमळ, उलट्या, आणि पेशंट औषधच सोडतो.

याच औषधाच्या 'सिलेक्ट' (२०२३) मध्ये १७,६०४ जण होते: सगळ्यांना आधीपासून हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार, मधुमेह कोणालाच नाही. घटना (हार्ट अटॅक, स्ट्रोक, हृदयविकाराने मृत्यू) २० टक्क्यांनी कमी झाल्या असं मथळ्यात असतं. प्रत्यक्षात ८ टक्क्यांवरून ६.५, म्हणजे सव्वातीन वर्षांत साधारण ६७ जणांमागे एकाला फायदा. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी लिहा.

मोजपट्टी
वाचताना आणखी तीन गोष्टी. मध्येच सोडून गेलेल्यांची वजनं कशी धरली? फक्त टिकलेल्यांचीच मोजली तर निकाल फुगतो. कंट्रोल गटाला खरंच काही मिळालं का? आणि १२ महिन्यांपेक्षा छोटा अभ्यास असेल तर बाजूला ठेवा. वजन बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास सर्वांत खाली असतं आणि नंतर चढू लागतं.

शिवाय मूळ पेपरबरोबर सप्लिमेंट (पेपरची पुरवणी) आणि प्रोटोकॉल (अभ्यासाचा आधी ठरवलेला आराखडा) डाउनलोड करा. गोळी कधी थांबवायची, कधी पुन्हा सुरू करायची, हे तिथेच असतं. पेपरात त्याला दोन ओळी मिळतात.