पुण्याला चाललेय, हॉबी इलेक्ट्रॉनिक्ससाठी काय काय उचलू?

गच्चीवरची_टाकी
मंडळी, पुढच्या आठवड्यात लग्नासाठी पुण्यात आहे आणि बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जायला तासभर मिळेल असं दिसतंय. माझ्याकडे आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एक ईएसपी३२ (तसाच, पण वायफायवाला) आणि ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्ट जोडायचा) आहे, एलईडी लुकलुकवून झाले, आता टाकी भरली की मोटर आपोआप बंद होईल असं काहीतरी करायचंय. बजेट तीन हजार. ऑनलाइन तो ३७ सेन्सरचा डबा दिसतोय तो घ्यावा का? घरी टेस्टर आणि बाबांची जुनी सोल्डरिंग गन एवढंच आहे. सांगलीत असल्यामुळे एका रेझिस्टरसाठी कुरिअरची वाट बघायची वेळ येते, त्यामुळे सुटे पार्ट कोणते भरून ठेवू तेही सांगा.

बर्गस्ट्रिप
डबा अजिबात घेऊ नका. त्यातले चार सेन्सर वापराल, बाकीचे ड्रॉवरमध्ये. खरं अडतं ते फालतू वाटणाऱ्या पार्टांवाचून. पाव वॅटचे रेझिस्टर घ्या, २२० ओहम, १ के, ४.७ के, १० के, १०० के, प्रत्येकी पन्नास-शंभर, अगदी स्वस्त येतात. १०४ नंबरचे सिरॅमिक कपॅसिटर मूठभर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, हे प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनांना चिकटून लावायचे. इलेक्ट्रोलिटिकमध्ये १०, १०० आणि १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे. बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १एन४००७ डायोड, बर्ग स्ट्रिप (पिनांच्या पट्ट्या) मेल-फिमेल दोन्ही, झिरो पीसीबी (नुसत्या भोकांचा सोल्डर करायचा बोर्ड), स्क्रू टर्मिनल, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी). ब्रेडबोर्डसाठी सिंगल स्ट्रँड वायर मागा, जंपर वायरींपेक्षा घट्ट बसते.
मॉसफेट (गेट पिनला व्होल्टेज दिलं की चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) घेताना जपून, मागितला की बहुतेक वेळा आयआरएफझेड४४एन हातात पडतो आणि त्याला गेटवर १० व्होल्ट दिले तरच तो नीट उघडतो. नॅनोच्या ५ व्होल्टसाठी आयआरएलझेड४४एन मागा, मधलं अक्षर एल आहे ना ते बघून घ्या. ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टला तोही काठावरच, तिथे एओ३४०० चांगला पण तो एसएमडी, म्हणजे बोर्डावर चिकटवायचा बारीक पार्ट आहे, डोळे फोडावे लागतात.

सिरीज_बोर्ड_काका
ताई, गन ठेवून द्या, ती जाड तारांना ठीक, पीसीबीचे ट्रॅक उचकटून येतात. २५ वॅटची साधी आयर्न घ्या, बारीक बिट, ६०/४० सोल्डर, फ्लक्सची डबी आणि सोल्डर ओढायचा पंप. मीटर स्वस्तातला चालेल की, पण कंटिन्युइटीला (तार जोडलेली आहे का बघायला) बझर असलेलाच घ्या, दुकानातच दोन्ही प्रोब एकमेकांना लावून बीप ऐका, काही मीटरांत नसतोच. आणि लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात विसरून कधी व्होल्टेज मोजायला जाऊ नका, तो सरळ शॉर्ट होतो, स्वस्त मीटरला त्या भोकावर फ्यूज पण नसतो बऱ्याचदा.
तीन हजारात न बसणारी काही गोष्ट नाही पण एक फुकटात होईल अशी: सिरीज बोर्ड. लाकडी बोर्डावर होल्डर, सॉकेट आणि स्विच, फेजमध्ये ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये. स्वतः बनवलेली मेनवरची (घरच्या विजेवर चालणारी) कुठलीही वस्तू पहिल्यांदा त्यावरच लावा. बल्ब पूर्ण पेटला तर शॉर्ट, मंद राहिला तर बहुतेक ठीक. एलईडी बल्ब त्यात चालत नाही, फिलामेंटचाच लागतो. शॉक मात्र त्यावरही बसतो, हे ध्यानात ठेवा.

ईएसपी_भक्त
काकांना अनुमोदन. टाकीबद्दल बोलतो. ते निळं रिले मॉड्यूल (बोर्डाच्या सिग्नलवर चालणारा स्विच) असतं ना, त्यावर १० अँपिअर लिहिलेलं असतं म्हणून लोक थेट मोटर लावतात. एक एचपी मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते पण सुरू होताना काही पट जास्त ओढते, कॉन्टॅक्ट चिकटतात, मग पाणी गच्चीवरून खाली आणि मोटर चालूच. रिलेने कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीचा मोठा रिले) कॉइल चालवा, मोटर कॉन्टॅक्टरवर. हा भाग वायरमनकडून करून घ्या.
पातळीसाठी पाण्यात दोन तारा सोडून डीसी देण्याची आयडिया सगळ्यांनाच आधी सुचते, तारा थोड्याच दिवसात गंजून हिरव्या पडतात. अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा सेन्सर) घेणार असाल तर साधा एचसी-एसआर०४ टाकीच्या वाफेत टिकत नाही, शिवाय त्याची इको पिन ५ व्होल्ट देते, ईएसपी३२ ला १ के आणि २ के चा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी दोन रेझिस्टरांची जोडी) टाकूनच जोडा. माझं मत विचाराल तर फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारे) दोन घ्या, वर एक खाली एक. बाकी काही लागत नाही.

बर्गस्ट्रिप
फ्लोट स्विच चांगलाच, पण त्यात वायफायची मजा कुठे राहिली 😄

गच्चीवरची_टाकी
खूपच कामाचं बोललात सगळे. फ्लोटवरच करते आधी. १२ व्होल्टचा अडॅप्टर पडून आहे, त्यातून ५ व्होल्ट काढायला ७८०५ रेग्युलेटर चालेल ना? नाहीतर रिले लागला की बोर्ड रिसेट होतो असं वाचलंय.

ईएसपी_भक्त
७८०५ तापेल. १२ मधले ७ व्होल्ट तो नुसते जाळणार, ३०० मिलीअँपला २.१ वॅट, हीटसिंकशिवाय हात लावता येणार नाही. त्यात ईएसपीचं वायफाय मध्येच अर्ध्या अँपिअरपर्यंत खेचतं. एलएम२५९६ चं बक मॉड्यूल (न जाळता व्होल्टेज कमी करणारं) घ्या. रिसेटसाठी बोर्डाच्या ५ व्होल्टवर एक ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड, आणि सुटा रिले लावलात तर कॉइलवर उलटा १एन४००७ हवाच, मॉड्यूलवर तो असतो. बकला बोर्ड जोडायच्या आधी मीटर लावून ५ व्होल्ट सेट करा, मॉड्यूलवरचा व्होल्टेज सेट करायचा तो पितळी स्क्रू बरेच आटे फिरवेपर्यंत आकडा हलतच नाही कधीकधी, म्हणून मॉड्यूल बाद समजून परत करायला जाऊ नका.